जखिऱ्याचं पाणी

वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात धरमतरचा पूल येतो. पुलाखालची खाडी म्हणजे अंबा नदीचंच शेवटचं अंग. जांभूळपाड्याकडून येऊन पाली-नागोठण्यामार्गे उतरलेली ही नदी इथवर येईतो खारी झालेली असते. भरतीला समुद्र तिच्यातून आत चढतो आणि ओहोटीला चिखलाचे काठ उघडे टाकून मागे जातो. काठाने कांदळवन, मग मातीचे बांध आणि बांधांच्या आत समुद्रसपाटीला जेमतेम टेकलेली भातशेती. वाशी, वढाव, शिर्की, बोरी, मसद, ओढांगी, काळेश्री, भाल, विठ्ठलवाडी ही पेणच्या खारेपाटातली गावं या बांधांच्या भरवशावर उभी आहेत. इथल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या चिखल वाहून समुद्राकडून जमीन मिळवली. गोडं पाणी मात्र त्यांना मिळवता आलं नाही. जमीन थोडी खोल खणली की खारं पाणी लागतं.

रायगडात पाऊस कमी पडतो असं कोणी म्हणणार नाही. पेणच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. दिवाळीच्या सुमारास गावतळी काठोकाठ भरलेली असतात, तळ्यात जिताडे मासे वाढत असतात आणि बघणाऱ्याला वाटावं, इथे पाण्याला काय तोटा! माघ-फाल्गुनात तळ्याचं पाणी उतरतं, हिरवं पडतं. चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणं सुरू होतं. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर खारेपाटातल्या बायकांचा हंडा मोर्चा छापून येतो आणि मृग बरसला की ती बातमी पुढच्या वर्षापर्यंत मिटते.

घरात आणीबाणीसाठी पिण्याचं पाणी साठवून ठेवा, असा सल्ला जगभरच्या सरकारी पत्रकांत असतो. जपानमध्ये माणशी रोज तीन लिटर या हिशेबाने निदान तीन दिवसांचं, जमल्यास आठवड्याचं पाणी घरात ठेवायला सांगतात. तिथे कारण भूकंपाचं. धरमतरच्या काठावर वेगळी परिस्थिती आहे. इथली आणीबाणी दर वर्षी ठरल्या महिन्यात येते, आणि वादळ-पुराच्या वर्षी तिच्या जोडीला आणखी एक येते. पाणी साठवणं इथल्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. त्यांना कमी पडतं ते साठवायला जागेचं, भांड्याचं आणि पैशाचं बळ.

खारेपाटातल्या एखाद्या घराच्या पडवीत डोकावून पाहा. दाराशी दोनशे लिटरचे निळे ड्रम, त्यांवर फळी आणि फळीवर दगड. हे वापराचं पाणी: भांडी, आंघोळ, कपडे. आत स्वयंपाकघरात ओट्याच्या बाजूला घडवंचीवर स्टीलचे हंडे आणि पिंप, वर झाकण, झाकणावर उपडा तांब्या. हे पिण्याचं. या दोन पाण्यांची सरमिसळ घरातलं लहान मूलही करत नाही. नळाला पाणी यायच्या आधी नळ नुसता फुसफुसतो. मग गढूळ, तांबूस पाणी येतं, ते बादलीत वेगळं धरायचं. पाणी निवळलं की हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून धार लावायची. फडक्यावर गंजाचा आणि मातीचा थर बसतो, तो पिळून पुन्हा बांधायचा. पाणी कधी पहाटे येतं, कधी मध्यरात्री, कधी चार दिवसांनी. त्यामुळे घरातलं कोणीतरी एक, बहुतेक सून नाहीतर सासू, कानाने नळाकडे जागंच असतं. ‘पानी आयलं का गो?’ हा प्रश्न या घरातून त्या घरात जातो आणि पाठोपाठ कळश्यांचे आवाज सुरू होतात. पाच माणसांच्या घराचा आठवडा निभेल एवढं पाणी तासाभरात भरून घ्यायचं, ही मोठी कसरत आहे. वीस लिटरचा हंडा म्हणजे पाण्याचंच वीस किलो ओझं, भांड्याचं वेगळं. ते उचलणाऱ्या कंबरेची नोंद कुठल्याही योजनेच्या अंदाजपत्रकात होत नाही.

जलजीवन मिशन २०१९ साली जाहीर झालं. घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असं त्याचं वचन. नळ बसला म्हणजे घर मोजणीत आलं. पण खारेपाटातली गावं नळाच्या वाटेवर शेवटच्या टोकाला आहेत. शहापाडा धरणाकडून येणारी वाहिनी गावोगाव पाणी सोडत खाडीकडे येते, आणि टोकाच्या गावापर्यंत दाब उरत नाही. वाटेत कुठे गळती झाली, कुठे वीज गेली, कुठे पंप जळला, तर त्याचा पहिला चटका या टोकालाच बसतो. अशा ठिकाणी घरातला साठा हाही योजनेचाच भाग धरायला हवा. तो आज धरला जात नाही. सरकारच्या हिशेबात योजना नळाशी संपते आणि पुढचं पिंप, ड्रम, टाकी ज्याची त्याने बघायची असते.

आता दुसऱ्या आणीबाणीबद्दल. जुलै १९८९मध्ये अंबेला जो महापूर आला, त्यात जांभूळपाड्यात माणसं वाहून गेली आणि नागोठण्यापर्यंतच्या काठाने हाहाकार उडाला. २६ जुलै २००५चा पूर कोणी विसरलेला नाही. पुरात पाणी कमी नसतं, तरी पिण्याचं पाणी सगळ्यात आधी जातं. विहिरींत गाळ आणि मेलेली जनावरं, वाहिन्या फुटलेल्या, पंपघर पाण्याखाली. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा गोष्ट आणखी निराळी होती. विहिरी जागच्या जागी होत्या, नद्या होत्या, पाणी होतं. विजेचे खांब मात्र रांगेने आडवे झाले होते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, रोह्याच्या कित्येक गावांत वीज यायला दिवस नाही, आठवडे लागले. पाणीयोजना विजेवर, म्हणून त्याही बंद. ज्या गावात जुना हातपंप चालू होता किंवा विहिरीवर रहाट शिल्लक होता, ते गाव तरलं. बाकीच्यांनी डिझेलवरचे जनरेटर आणून टाक्या भरल्या. वर्ष उलटायच्या आत, मे २०२१मध्ये, तौक्ते चक्रीवादळ येऊन गेलं.

तिसरी आणीबाणी खास खाडीकाठची. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर पाणी चढतं, कुठेतरी खेकड्याचं बीळ किंवा जुना कच्चा भाग असतो, तिथून माती सुटते आणि बांधाला खांड जाते. एकदा खांड गेली की समुद्र शेतात शिरतो, शेतातून तळ्यात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. हिशेब केला तर सत्तर लिटर पावसाच्या पाण्यात एक लिटर समुद्र मिसळला की पहिली मर्यादा गाठली जाते. म्हणजे तळं नासायला फार मोठी खांड लागत नाही. आणि उकळल्याने खारेपणा जात नाही, उलट पाणी आटून तो वाढतो. तुरटीने गाळ बसतो, क्लोरिनने जंतू मरतात, मीठ तसंच राहतं. ज्या तळ्यावर गाव विसंबलेलं, ते एका रात्रीत पुढच्या पावसाळ्यापर्यंत बाद होऊ शकतं. खारभूमी विकासाचा कायदा १९७९पासून आहे, बांधांची देखभाल करणारं सरकारी खातं आहे. तरी खांडी जातात आणि त्या बांधायला पुष्कळदा गावालाच आधी चिखलात उतरावं लागतं.

राखीव पाण्याची ही गरज जुन्या काळाने ओळखलेली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितलं आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या पुढचा भाग कमी सांगितला जातो. गडावर झरा असला तरी तेवढ्यावर निर्धास्त राहू नये, लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो, म्हणून जखिऱ्यासाठी, म्हणजे राखीव साठ्यासाठी, वेगळी टाकी-तळी बांधून ठेवावीत आणि त्यांतलं पाणी एरवी खर्चू देऊ नये, असा त्या सूचनेचा आशय आहे. आपल्याच जिल्ह्यात याचे दाखले डोळ्यांसमोर आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चहूबाजूंनी समुद्र असताना गोडं पाणी आहे, मुरूडच्या जंजिऱ्यात मोठे तलाव आहेत. रोजचा स्रोत आणि राखीव साठा वेगळा ठेवायचा, ही दृष्टी मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या पाणीयोजनांनी झरा तेवढा घेतला आणि जखिरा सोडून दिला.

घरापुरता जखिरा किती असावा? आपत्तीतल्या मदतकार्याचे आंतरराष्ट्रीय निकष माणशी रोज पिण्यासाठी अडीच-तीन लिटर आणि स्वयंपाकासाठी तीन ते सहा लिटर धरतात. काटकसरीने माणशी पाच लिटर धरू. पाच जणांच्या घराला दिवसाला पंचवीस, आठवड्याला पावणेदोनशे. म्हणजे झाकणाचं, तळाशी तोटी असलेलं दोनशे लिटरचं एक चांगलं पिंप घरात भरलेलं असेल, तर निसर्गसारख्या वादळातला पहिला आठवडा पिण्यापुरता निघून जातो. अंगण चिखलात बुडालं, रस्त्यावर झाडं पडली, टँकर अडला, तरी घरातली म्हातारी माणसं आणि लेकरं तहानेली राहत नाहीत.

चांगलं पिंप, असं मुद्दाम म्हणतो आहे. आजूबाजूला कारखाने असले की वापरलेले प्लास्टिकचे ड्रम स्वस्तात विकायला येतात. त्यांत आधी काय होतं, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कितीही वेळा साबणाने, चिंचेने घासा, प्लास्टिकने शोषलेलं रसायन पूर्ण निघत नाही. असा ड्रम वापराच्या पाण्यालाही नको, पिण्याच्या पाण्याला तर मुळीच नको. चार पैसे जास्त गेले तरी खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी बनवलेलं नवं भांडंच घ्यावं.

साठवलेलं पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा आपल्याच हाताने. नळाला स्वच्छ आलेलं पाणी पेल्यासकट बोटं बुडवल्याने दूषित होतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लांब दांड्याच्या ओगराळ्याचं चित्र वर्षानुवर्षं रंगवलेलं असतं, ते याचसाठी. तोटी असेल तर ओगराळ्याचीही गरज नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो. चांगल्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला पाच ग्रॅम. पावडर आधी बादलीत कालवायची, निवळी तेवढी टाकीत ओतायची, चुना खाली राहू द्यायचा आणि अर्धा तास थांबायचं. मग क्लोरिन उरला का ते पाहणारी ओटी टेस्ट: नळीतल्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. कोकणच्या दमट हवेत उघड्या पोत्यातली पावडर लवकर निकामी होते, आणि मग नोंदवहीत ‘टीसीएल टाकली’ असं लिहिलेलं असूनही पाणी कच्चंच राहतं. साथ पसरते ती इथून. म्हणून पावडर टाकली का, एवढंच न विचारता पिवळा रंग आला का, हे विचारायला हवं. घरी दोनशे लिटरला एक ग्रॅम पावडर मोजत बसणं अवघड. तिथे क्लोरिनच्या गोळ्या किंवा द्रावण वेष्टनावरच्या मात्रेने वापरणं सोपं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळून घ्यावं, कारण गाळात क्लोरिन वाया जातो. गोळ्या नसतील तर खळखळून उकळी येऊ द्यावी, एक मिनिट उकळत ठेवावं आणि त्याच भांड्यात झाकून निववावं.

साठ्याला एक मोठं भय आहे आणि ते डेंगीचं. डेंगीचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. ज्या घरी चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथे भरलेला ड्रम ओतून कोरडा करा असं सांगणं मला निष्ठुरपणाचं वाटतं. त्या घराला गरज असते डास शिरणार नाही अशा झाकणाची, बारीक जाळीची. फळी आणि दगड याला पुरत नाहीत. दोऱ्याने तोंडाला घट्ट बांधलेलं धोतराचं जुनं कापड त्यापेक्षा चांगलं काम करतं.

आता छपराकडे बघू. पन्नास चौरस मीटरच्या साध्या कौलारू किंवा पत्र्याच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर दीड लाख लिटर पाणी होतं. पाचवा भाग उडाला-सांडला तरी एक लाख वीस हजार लिटर उरतं. पाच जणांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाचे पंचवीस लिटर लागतात आणि ऑक्टोबरपासून जूनपर्यंतचे कोरडे दिवस साधारण दोनशे चाळीस. गुणाकार सहा हजार लिटरचा होतो. छपरावरून जे वाहून खाडीला मिळतं त्याचा विसावा भाग धरून ठेवला, तर त्या घराला वैशाखातही पिण्यासाठी कोणाचं तोंड बघावं लागणार नाही. सहा हजार लिटर म्हणजे दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच टाकी. पडवीच्या कोपऱ्यात मावते.

पश्चिम राजस्थानात याच्या दहाव्या हिश्शाइतका पाऊस होतो. तिथली घरं अंगणातल्या टांक्यांत तो धरतात आणि त्यावर पिढ्या जगल्या. अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटावर ना नदी ना मोठं तळं. तिथे प्रत्येक घराला छपराचं पाणी टाकीत घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे पोफळीच्या खोडाची पन्हळ वळचणीला लावून हंडे भरणं आजीच्या पिढीला ठाऊक होतं. महाराष्ट्र सरकारने २००२च्या सुमारास शिवकालीन पाणी साठवण योजनाही काढली. तरी खारेपाटात घराला टाकी हा सर्वसाधारण नियम कधीच झाला नाही.

त्यात अडचणी आहेत. खारेपाटाची माती ही भरतीच्या गाळाची, मऊ. सहा हजार लिटर पाण्याचं वजन सहा टन. टाकीखाली नीट पाया घातला नाही तर ती कलते आणि तडकते. जमिनीखाली टाकी बांधायची तर उधाणाला खारं पाणी झिरपून आत येण्याचा धोका. म्हणून टाकी जोत्यावरच हवी, पुराच्या आठवणीतल्या रेषेच्या वर. उजेड आत जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. पहिल्या पावसांचं पाणी छपराची धूळ, पक्ष्यांची घाण घेऊन उतरतं, ते सोडून द्यायचं. धरमतरच्या काठावर कोळसा आणि लोहखनिजाची वाहतूक चालते. तिथल्या जवळपासच्या गावांनी छपरं धुऊन घेण्याबाबत अधिक काटेकोर राहायला हवं आणि असं पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यायला हवं. शिवाय टाकीचा खर्च. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला तो एकदम झेपत नाही. कंबर मोडून हंडे वाहणं त्याला फुकट पडतं, असं आपण समजतो.

या सगळ्यात खारेपाटाच्या मनात खोल रुतलेली एक सल आहे. हेटवणे धरण पेण तालुक्यातलं. त्याचं पाणी सिडकोमार्फत खारघर-उलव्याकडे जातं. लाभक्षेत्रातल्या शेतीसाठी कालवे मात्र वर्षानुवर्षं अपुरे राहिले. पेणच्या २२ गावांत महामुंबई सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) येणार होतं, तेव्हा शेतकऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच होता की ही जमीन हेटवणेच्या लाभक्षेत्रातली आहे. २१ सप्टेंबर २००८ला या गावांत सार्वमत घेतलं गेलं आणि पुढे सेझ बारगळलं. जमीन वाचली. पाणी अजून पुरतं पोचलं नाही. धरणाच्या तालुक्यातल्या गावाने टँकरची वाट पाहावी, हे मला अन्यायाचं वाटतं आणि घरोघरी टाक्या बांधल्याने तो अन्याय मिटत नाही. टाकी बांधा म्हणजे नळाचा हक्क सोडा, असं कोणी सुचवत असेल तर त्याला साफ विरोध व्हावा.

रोह्याची कथा वेगळी. तिथे कुंडलिका भर मे महिन्यातही वाहते, कारण मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून १९२७पासून तिच्यात उतरतं. मुळशीच्या गावांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच धरणाचं हे पाणी. खाली रोह्याला पोचल्यावर नदीला औद्योगिक वसाहत भेटते, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचं नाव आलेलं आहे. वसाहतीच्या खालच्या अंगाला असलेल्या खाडीकाठच्या गावांना नदी दारात असूनही लांबून आणलेल्या नळावर जगावं लागतं. छपराचा हिशेब त्यांनाही तितकाच लागू पडतो.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना जो निधी दिला, त्यातला साठ टक्के बंधित ठेवला: निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. म्हणजे जखिऱ्यासाठी सरकारी पैसा खर्चायला मुभा होती. तो पुष्कळ ठिकाणी पाइप आणि पंपाकडे गेला. यापुढच्या आराखड्यांत निदान शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर यांच्या छपरांखाली पक्क्या टाक्या आणि हातपंप, आणि मग एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या, विधवांच्या घरांपासून सुरुवात करून घरटाक्यांना हातभार, एवढं तरी मागता येईल. शाळेच्या छपराखालची टाकी कुलूपबंद असावी, तिचं पाणी वादळ, पूर किंवा खांड आली तरच काढावं, आणि किल्ली गावातल्या महिला बचत गटाकडे असावी.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला दिवाळीपासून अडीच-तीन महिने राहतात. त्या सभेत टाकीचा ठराव झाला तर पाया फेब्रुवारीत कोरड्या जमिनीवर घालता येतो, सिमेंटच्या कामाला पाणी मारायला तळ्यात अजून पाणी असतं, आणि मे अखेरीस पन्हळी बसवून होतात. एप्रिलमध्ये काम काढलं तर पाणी मारायलाच पाणी नसतं. त्यामुळे विषयपत्रिका निघण्याआधी गावातल्या बायकांनी आपला अर्ज लेखी देऊन त्याची पोच घेऊन ठेवावी.